विमान आल्यास पाद्र्याने आधी कोणाकडे जावे

मी, आल्देआ मार्कू, कै. ओव्हिला मार्कू यांची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार आन्स-ओ-लू, क्वेबेकचा उत्तर किनारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हृदय नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती आहे, पण ती कोणा माणसाने घातलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे, ते शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.

१. राहते घर, चूल व भांड्यांसह, माझी धाकटी बहीण लेओनी हिला द्यावे. आधीच्या मृत्युपत्रात हे घर चर्चला होते आणि लेओनीला आईची जपमाळ होती. जपमाळही तुटकी होती, हे मला लिहिताना ठाऊक होते.

२. बेटावरचे उन्हाळी खोपटे, जाळी व होडी ओव्हिलाचा पुतण्या रोझेर याला द्यावी. होडीला डांबर लावल्याशिवाय ती पाण्यात घालू नये. त्याच्या काकांना हे सांगून सांगून माझे तोंड दुखले, आणि ते जन्मभर ओल्या पायांनी घरी आले.

३. शेजारीण एडविज हिला मुरंब्याच्या सर्व बरण्या द्याव्यात, रिकाम्या. दलदलीतल्या माझ्या जागेवरून पिवळ्या बेऱ्या कोण खुडून नेते हे मला कळत नव्हते असे तिला वाटते. बेऱ्या तिच्याकडे आहेतच, बरण्यांचीच काय ती अडचण.

४. बँकेतील शिल्लक. हे पैसे मी माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना व्हाव्यात म्हणून साठवले होते. ते आता दुसरीकडे जायचे आहेत, आणि का, हे लिहिल्यावाचून रोझेर मला म्हातारचळ लागला म्हणेल.

लेओनीचा नवरा व्हिआतर हा एके काळी आमच्या गावचा पाद्री होता. त्याने पाद्रीपणाचा झगा उतरवला आणि माझ्या बहिणीशी लग्न केले. बिशपांनी त्याच्या जागी दुसरा पाद्री पाठवला नाही. त्याच हिवाळ्यात आई गेली. शेवटच्या दिवशी पापांची क्षमा मिळावी म्हणून ती पाद्री मागत होती आणि व्हिआतर आमच्या दारात येऊन उभा होता. बाबांनी आतून अडसर घातला. झग्याबरोबर त्याचा अधिकारही उतरला, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. आई क्षमेवाचून गेली, आणि त्याचे खापर मी त्याच्याच डोक्यावर फोडले. देवळाच्या पायरीवर उभी राहून मी गावाला सांगितले की हा आत आला तर आपण उठून बाहेर जायचे. गावाने ऐकले. पुढे रोमहून त्यांच्या लग्नाला परवानगी आली, ती मी मानली नाही. तो दुकानात दिसला की मी मीठ न घेता घरी येत असे.

नाताळात फादर बोनाव्हेंचर आले. ते मूळचे काँगोचे, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना मिळून ते एकटेच. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल सांगितले होते म्हणून मी नीट पापनिवेदन केले. व्हिआतरचे वाईट व्हावे असे मी रोज इच्छिते, हेही सांगितले. त्याबद्दल वाईट वाटते का, असे त्यांनी विचारले. मी खरे तेच सांगितले: वाटत नाही. ते म्हणाले,

"मग मी क्षमा कशाची करू, आजी?"

जन्मात पहिल्यांदा मी क्षमेवाचून परत निघाले. तुम्ही परत येणार ईस्टरला, त्याच्या आत मी मेले तर काय, असे दारातून विचारले. ते म्हणाले, माणूस मरणाच्या दारात असेल तर झगा उतरवलेला पाद्रीसुद्धा क्षमा देऊ शकतो, आणि तसा एक तुमच्या गावात आहे.

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून आहे. मला नरकाची भीती वाटते. हसायचे त्याने हसावे. जिना चढत नाही, मासा काटे दोनदा पाहून खाते, खुर्चीत बसूनच झोपते. आईचे काय झाले असेल, हा विचार तर मी पुरा करूच शकत नाही. छातीत जरा कळ आली की वाटते, आत्ताच, अशीच, सगळे पाप अंगावर घेऊन.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. लेओनीने दार उघडले. "ताई, आत ये पटकन. यांना वारा सोसत नाही," एवढेच म्हणाली, जणू मी रोजच येत होते. व्हिआतर चुलीजवळ बसला होता, अगदी वाळून गेलेला. चार गोड शब्द बोलायचे ठरवून गेले होते, पण तोंडातून माझीच गरज निघाली.

"माझी वेळ आली तर याल का?"

"येईन. बोलावलं नसतंस तरी आलो असतो. पण तुमच्या घरचं दार उघडत नाही, हा माझा अनुभव आहे."

"मग आजच द्या ना क्षमा."

"आज मला अधिकार नाही. तू चांगली तावातावानं बोलतेयस. आधी मरायला तर लाग."

मला हसू आले. काम झाले म्हणून मी हातमोजे चढवले आणि निघता निघता, रीत म्हणून, खोकल्याचे विचारले. फुप्फुसे गेली आहेत, बर्फ वितळेपर्यंत टिकेन असे वाटत नाही, असे तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला,

"तुला मी क्षमा देऊ शकतो, आल्देआ. स्वतःला नाही देता येत. देवळात आलो असतो तर तुम्ही उठून गेला असता, म्हणून इतकी वर्षं कुणापुढे गुडघे टेकले नाहीत. मला कोण देणार?"

लेओनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी त्याच्याकडे पाहिले. जी भीती मी माझ्या एकटीची समजत होते, ती त्या माणसाच्या डोळ्यांत होती, आणि ती तिथे मी बसवली होती. खरे लिहायचे तर पहिला विचार असा आला की हा आधी गेला तर माझे काय. दुसरा विचार घरी पोहोचेपर्यंत आला नाही.

म्हणून असे ठरवते: बँकेतील सर्व पैसे फादर बोनाव्हेंचर यांना आणण्यासाठी विमान भाड्याने घेण्यास खर्च करावेत. या कलमाने माझ्या मरणाची वाट पाहू नये. वैमानिकाशी मी फोनवर बोलले आहे. धुके फाटेल त्या दिवशी तो खाडीच्या बर्फावर उतरेल. एकच फेरी आहे, आणि उजेड असेपर्यंतच तो थांबेल, कारण येथला वारा त्याला माहीत आहे. मिस्सांसाठी काही उरणार नाही.

फादरांनी उतरल्यावर प्रथम व्हिआतरकडे जावे. त्याला बोलायला जितका वेळ लागेल तितका द्यावा, मध्ये कोणी दार ठोठावू नये. उजेड उरला तर माझ्याकडे यावे. लेओनी म्हणते, ताई, तुझं आधी होऊ दे, तुझं थोडक्यात होईल. नर्सही तेच म्हणते. माझा राग गेला की नाही हे मला सांगता येत नाही, ते फादर विचारतील तेव्हा कळेल. आज सकाळपासून छातीत दुखते आहे आणि मला फार भीती वाटते.

तरी हा क्रम बदलू नये.

वरील मजकूर लिहिणारीने आमच्यासमोर मोठ्याने वाचला व सही केली. वाचताना ती दोनदा थांबली, पण एकही शब्द बदलला नाही.

सही: आल्देआ मार्कू
साक्षीदार: जिनेत लव्हाले, दवाखान्यातील नर्स
साक्षीदार: फिर्मँ कॉर्मिए, दुकानदार
ठिकाण: आन्स-ओ-लू
तारीख: ११ फेब्रुवारी १९९८