डुलक्याकाकांनी आणलेलं पत्र

प्रिय आई,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी धडधाकट आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुझा जीव खालीवर होईल.

आमच्याकडे टपाल घोड्यावरून एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला जातं. मागच्या ठाण्याहून ते आमच्याकडे आणायचे डुलक्याकाका. वाटेत ते स्वतःला पट्ट्याने खोगिराला बांधून खुशाल झोपायचे आणि घोडी त्यांना बरोबर आणून सोडायची. आम्ही सगळे त्यांची टर उडवायचो.

परवा सकाळीही ते तसेच आले, मान छातीवर टाकून. टपालाची थैली क्षणभरही थांबवायची नाही, हा आमचा नियम. मी ती माझ्या घोड्यावर टाकली, त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली, "काका, उठा, ठाणं आलं!" म्हणालो आणि निघालो.

पुढच्या ठाण्यावर त्याच थैलीतून तुझं पत्र निघालं. मी नाचलोच! आज परतलो तर तबेलेवाला म्हणाला, "अरे, ते वाटेतच गेले होते. अंग गार पडलं होतं."

आई, मी हात लावला होता गं त्यांना! मला कसं कळलं नाही?

मी आता खोगिरावर झोपत नाही, शप्पथ. बाबांचा खोकला कसा आहे?

तू लिहिलंयस, "माझं पत्र इतकं जपून आणणाऱ्याला माझा आशीर्वाद सांग." कुणाला सांगू आता?

तुझाच,
धाकटा