पट्टीखालची माती

रहिमतपूर,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. आम्रपालीस,
बाबांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू मागितलास तो पायातला पू आणि त्यातले पांढरे कण बाटलीत भरून सिद्धूबरोबर धाडले आहेत. आमच्या रूळदुरुस्तीच्या गँगमधला सिद्धू, रेल्वेच्या पासवर पुण्याला येतोय. पुणं येईस्तोवर बाटली मांडीवरून खाली ठेवायची नाही असं त्याला बजावलंय.

मिरजेच्या डॉक्टरांनी सोळा जानेवारी ही ऑपरेशनची तारीख दिली. ते म्हणतात, आत बुरशी असली तर ती गोळ्यांना दाद देत नाही, पाय घोट्यापासून काढावा लागेल. जिवाणू असला तर औषधानं पाय वाचेल. पण कण दोन्हीचे सारखेच दिसतात, आणि त्यांच्याकडं तपासणीच्या बशीत जंतू उगवलाच नाही. चार वर्षांपूर्वी बाभळीचा एवढासा काटा मोडला काय आणि हे कुठवर आलं बघ. रोज मैलोगणती चालत रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या ठोकणारा माणूस मी, आता रजेवर पडून. पायच गेला तर मी कोण? तुझ्या आईपुढं हसतो, पण लय भ्या वाटतं पोरी.

तुम्ही तिथं जंतूची जात शोधता म्हणे. जात टाकून आम्हाला चाळीस वर्षं झाली, आणि लेक पुण्यात बसून तीच विचारतेय! निदान आडनाव तरी विचारू नकोस.

माया आहे तशीच ठेव. उत्तर लवकर लिही.
तुझा बाबा,
धनाजी


पुणे,
९ डिसेंबर १९९६

ती. बाबांस,
आम्रपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

आडनाव नाही विचारत बाबा, पण खापरपणजोबा मात्र शोधते. प्रत्येक जिवाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं असतात, रायबोसोम. त्यांच्यात आरएनए असतो. त्याची अक्षरं पिढ्यानपिढ्या जवळजवळ तशीच राहतात, फार हळू बदलतात. ती वाचून ओळखीच्या जिवांच्या अक्षरांशी ताडली की कोण कुणाच्या कुळातला ते कळतं. जंतू बशीत उगवला नाही तरी अडत नाही.

तर ऐका. तुमच्या बाटलीत निघाली ती जिवाणूची अक्षरं, बुरशीची नव्हेत! मी प्रयोगशाळेतच रडले.

पण ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या आमच्या बाईंनी मला हसू दिलं नाही. हा जिवाणू मातीत राहणारा. त्याचे भाऊबंद असे पाय सुजवतात हे खरं, पण साध्या चिमूटभर मातीतही ते असतात. आमच्या पद्धतीत थोडक्याच्या लाखो नकला काढतात, त्यामुळं बाहेरून लागलेली मातीसुद्धा आतल्या रोगासारखी दिसते. म्हणून विचारते, रागावू नका. जखमेवर काही लावलं होतं का? माती, शेण, राख, पाला, काहीही? उत्तर चुकीचं आलं तर आपण गोळ्या घेत बसू आणि आत बुरशी हाडात चढेल. मग घोट्यावर भागणार नाही. गुडघा जाईल, कदाचित तुम्हीच जाल.

आईला सांभाळा. तुमची माया हाच माझा आधार.
आपली,
आमू


रहिमतपूर,
१४ डिसेंबर १९९६

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून गँगला पेढे वाटले. आमचे मुकादम नानासो म्हणाले, लेक शिकवल्याचं सार्थक झालं.

पण तू विचारलंस ते मला लागलं. माझ्या बापानं छप्पन साली देव नदीत सोडले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, देवांची टोपली माझ्या डोक्यावर होती. त्यानंतर या घरात अंगारा आलेला नाही. जखमेवर डॉक्टरांच्या मलमाशिवाय काही लावलेलं नाही. तुझ्या बाईंना निर्धास्त सांग. आता मी मिरजेला जाणार नाही, तसं डॉक्टरांना कळवतो. गोळ्यांची नावं तेवढी विचारून घे.

लेकीवर विश्वास आहे, लेकीनंही बापावर ठेवावा.
धनाजी


रहिमतपूर,
१७ डिसेंबर १९९६

चि. आमूस,
आयचा जयभीम.

आक्षर साक्षरता वर्गातलं हाय, हसू नगंस. ह्यो कागूद तुज्या बाबास्नी ठावं न्हाई. उत्तर शेजारच्या रंगुबाईच्या पत्त्यावर धाड.

त्येंनी लिवलंय की काय बी लावलं न्हाई. त्येंचं खोटं न्हाई, त्यास्नी ठावंच न्हाई. म्या लावली. मरीआईच्या पारावरली माती. दर मंगळवारी दुपारचं जेवून त्येंनी डोळा लावला की पट्टी सोडायची, माती भिजवून थापायची, वरनं पट्टी जशी हुती तशी. बाटली भरली ती बुधवारी. आदल्या दिशीच लावली हुती.

मामंजींनी देव सोडलं त्या घरात म्या हे केलं. कळून केलं गं. पाय कापायचं ऐकल्यापास्नं काळीज ठिकाणावर न्हाई. डाक्टर बी म्हंतोय मला ठावं न्हाई, मग म्या कुनाला इचारायचं?

आता हे पेढं वाटत्यात. त्यास्नी कळलं तर मला घरात ठिवायचे न्हाईत. न्हाई कळलं तर त्येंचा जीव जाईल. कंचं निवडू सांग.

तुजी आय,
बाळाबाई


पुणे,
२१ डिसेंबर १९९६

ती. आईस,
आमूचा सविनय जयभीम. वि. वि.

आई, तू निवडलंस की. पत्र टाकलंस तेव्हाच निवडलंस. मला राग नाही आला, फक्त खूप भीती वाटली. मी वाचली ती अक्षरं बाबांच्या पायातली की पाराच्या मातीतली, हे आता मलाच सांगता येत नाही. आणि त्यांच्यावर विसंबून बाबा मिरजेला जायचं रद्द करून बसलेत.

आजच बाबांना दुसरं पत्र टाकते की बाटली माझ्या हातून बिघडली. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय धुऊन, चिरून, अगदी आतला तुकडा काढून द्यावा. तुझं नाव त्यात येणार नाही. तू एवढंच कर, पारावरची चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधून रंगूमावशींकडून टपालानं पाठव. ती पण वाचून बघते. आणि यापुढं जखमेला काही लावू नकोस, तुला माझी शपथ.

धीर सोडू नकोस. मला लिहीत जा.
तुझी,
आमू


मिरज,
९ फेब्रुवारी १९९७

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा अहवाल डॉक्टरांनी वाचून दाखवला. आतल्या तुकड्यात बुरशीची अक्षरं निघाली, जिवाणू नाहीच. पहिल्या बाटलीतला होता तो मातीतलाच. तुझ्या अहवालासाठी तारीख पुढं ढकलली होती, एकोणतीस जानेवारीला पाय घोट्यापासून काढला. बुरशी हाडात नुकती शिरत होती. आणखी दोन-तीन महिने गोळ्यांवर काढले असते तर गुडघाही राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. रेल्वे फाटकावर बसायचं काम देईल असं नानासो म्हणतात. गेलेल्या पायाची बोटं अजून खाजतात, आणि मी वेड्यासारखा हात खाली नेतो.

आता तुला लिहिलं पाहिजे ते लिहितो. बाटली तुझ्या हातून बिघडली असं तू कळवलंस, तेव्हाच मी ओळखलं की आईनं तुला लिहिलं. कारण मला ठाऊक होतं. दर मंगळवारी ती पट्टी सोडायची तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडलेलो असायचो. ओल्या मातीचा गारवा कळायचा. ओठातल्या ओठात मरीआईला घातलेलं गाऱ्हाणं ऐकू यायचं. माझ्यासारख्यानं उठून तिचा हात धरायला हवा होता. नाही धरला. वाटायचं, न जाणो, लागलाच गुण तर? आणि तू विचारलंस तेव्हा बापाच्या टोपलीची गोष्ट सांगून तुला धडधडीत खोटं लिहिलं. पाचवीपर्यंतच शिकलेल्या मी माझ्या लेकीला पुढं शिकवलं ते खरं शोधायला, आणि तिलाच फसवलं.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण नाही रडली. एवढंच म्हणाली, की दर मंगळवारी जीव मुठीत धरून ती माती लावत होती, एकदा तरी मी डोळे उघडले असते तर दोघं मिळून भ्यालो असतो.

आज पट्टी बदलताना मी डोळे उघडे ठेवले आणि तिचा हात धरला.

रागाव, पण पत्रं बंद करू नकोस.
तुझा बाबा,
धनाजी