लुगडं माहेरचंच पायजे

शेषराव,

तू सरणाची लाकडं घेऊन येशील तवा मी घरी नसंन. छकडं जुंपून साखऱ्याला चाललो, तुझ्या वहिनीच्या माहेरी. लोक म्हणतील, बायको दारात अन् नवरा गाव सोडून गेला. म्हणू दे. दुसऱ्या कुणाला धाडलं तर तिचे भाऊ मारोतराव येणार न्हाईत. त्यांच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्या पावण्याला बांधला, म्हणून 'माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नका' असं मीच बोललो होतो.

बायांना सांग, तिला न्हाऊ घाला, मळवट भरा, हिरवा चुडा भरा. पण कापड कंट्रोलवर मिळायचं त्या दिवसांत मी हिंगोलीहून आणलेलं लुगडं नेसवू नका. सवाष्ण गेली, तर शेवटचं लुगडं भावाचंच पायजे. मी येईस्तोवर तिला उचलू नका. ऊन चढलं तरी थांबा.

माझा फेटा खुंटीवरच राहू दे. बोडकाच जातो.

उतरंडीमागं तिचं गाठोडं हाय. त्यात भाच्याच्या बारशाला शिवलेलं अंगडं हाय. नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी तिला जाऊ दिलं न्हाई. दर पंचमीला ती ते काढायची, घडी मोडायची, परत बांधायची. मारोतराव आले की तूच त्यांच्या हाती दे, माझ्यानं होणार न्हाई.

पोरगं आता सात वर्षांचं झालं. त्याचं नाव काय ठेवलं, माझ्या धाकानं ह्या घरात कुणी बोललं न्हाई. येताना मारोतरावांना इचारतो. तिला उचलायच्या आधी तिच्या कानात सांगायचं हाय.

तुझा दादा