मूळ की अनुराधा

ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून दोन शिव्या आत्ताच घालून घे. पुढचं वाचल्यावर त्या माझ्या वाट्याला येणार नाहीत.

आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानापेक्षा शेवटचं पान जास्त वाचलं जातं. ते राशिभविष्याचं, आणि ते माझ्या गळ्यात. आपले काका, आत्याचे यजमान, तिथे कित्येक वर्षं लिहितात. आता संपादकांनी हौसेने त्याच्या शेजारी पाश्चात्त्य पद्धतीचं भविष्यही सुरू केलं. झालं! एका शाळामास्तरांनी लिहून विचारलं की एका पद्धतीने माझा सूर्य मेषेत, दुसरीने मीनेत. माणूस एक, सूर्य एक, मग राशी दोन कशा? पत्रांचा ढीग लागला. संपादकांनी काकांना खुलासेवार लेख मागितला. काका काही स्वतः लिहीत नाहीत, ते सांगणार आणि मी उतरवून घेणार.

समजावलं मात्र छान, ते कबूल करते. म्हणाले, वर्तुळाला सुरुवात नसते, शून्य आपणच कुठेतरी मांडायचं. पाश्चात्त्य लोक ते वसंतात दिवस-रात्र सारखे होतात त्या बिंदूवर मांडतात, ते सायन. आपण ताऱ्यांवर मांडतो, ते निरयन. फार पूर्वी दोन्ही शून्यं एकाच जागी होती. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, तो बिंदू मागे सरकत गेला, आणि आज दोघांत साधारण चोवीस अंशांचं अंतर पडलंय. त्यांच्या तक्त्यातून ग्रह घ्यायचा, चोवीस वजा करायचे, की आपला ग्रह मिळाला. फूटपट्ट्या दोन, आकाश एकच.

मी उदाहरण मागितलं. माझ्या तोंडात आली ती तुझी जन्मवेळ. बाबांनी ती इतक्या लोकांना सांगितली की मला पाढ्यासारखी पाठ आहे. एका वाचक भगिनीची आहे, असं ठोकून दिलं. काकांना काहीही आठवलं नाही, ताई. चटकन आकडेमोड केली आणि म्हणाले, चंद्र त्यांच्या हिशेबाने धनूच्या सुरुवातीला. वजा केलं की आपल्या वृश्चिकेत, अनुराधा नक्षत्र. सोन्यासारखी मुलगी, जिथे जाईल ते घर उजळेल.

माझा हात थांबला. मी विचारलं, आणि वजा करायचं राहून गेलं तर? ते खो खो हसले. म्हणाले, तर अनुराधाची मूळ होईल आणि पोरीच्या सासऱ्याच्या नावाने बोंब उठेल! पण तेवढं तर शिकाऊसुद्धा विसरत नाही.

तू आधी बस, मग उत्तर लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बसले. पत्र वाचताना हातात मेणाचा जबडा होता, त्याचे पुढचे चार दात माझ्याच अंगठ्याखाली गेले. ज्या म्हातारबुवांची ती कवळी, त्यांना आता आठवडाभर पेजेवर काढावं लागणार.

तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस, तुला अर्धंच माहीत आहे. छापखान्याच्या मालकांच्या मुलाचं आणि माझं जमलं होतं. दोन्ही घरं राजी होती. पत्रिका काकांनी काढली, कारण घरातला माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं बाबांना वाटलं. काकांनी ती बाबांना दाखवायच्या आधी मालकांनाच जाऊन सांगितलं: मुलगी मूळ नक्षत्राची, वर्षाच्या आत सासरा जाईल. मोडलं. मुलगा जमिनीकडे बघत उभा राहिला, त्याचाही हिशोब माझ्याकडे आहे. आणि वर्ष पुरतं उलटायच्या आत त्याच घरात काकांची बेबी सून म्हणून गेली. बत्तीस गुण जुळले म्हणे!

पण माझं जाऊ दे. बाबांचं सांगते. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. नंतर जे जे स्थळ आलं, त्याला ते खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकायचे, की मुलीचं नक्षत्र असं आहे. पाहुण्यांचा चहा निवायच्या आत चपला पायात. बाबा दार लावून घ्यायचे आणि माझी नजर चुकवायचे. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

शिकाऊसुद्धा विसरत नाही, हे त्यांच्याच तोंडचं वाक्य. म्हणजे विसरले नाहीत. ज्या फूटपट्टीने मला मोजलं, तिने बेबीला मोजलं नाही.

आता माझं ऐक. त्यांना अवाक्षर कळू द्यायचं नाही. तो लेख छाप. उदाहरण जसंच्या तसं, जन्मवेळेसकट, ‘घर उजळेल’सकट, त्यांच्या नावाने, त्यांच्या फोटोखाली. पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार आहे ना तुमच्या साप्ताहिकातर्फे? मी येणार. लोक म्हणतात, अमक्याचा तमक्यावर दात आहे. माझा तर धंदाच दातांचा.

भांडण माझं आहे, त्यात तुझं बोट अडकू देणार नाही. नेहमीसारखी जीव लावून राहा.

ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेख छापला. काकांनी प्रूफ तपासून, एक वेलांटी दुरुस्त करून, खाली सही ठोकली. अंक छापला कुणी? मालकांच्याच छापखान्याने. म्हातारे मालक पंच्याऐंशीचे झालेत, काठी टेकत अजून मशीनपाशी येतात. ज्या सासऱ्याला तू वर्षात खाणार होतीस, तो ठणठणीत आहे, हे आपलं जाता जाता.

पण ताई, माझं मन कचरतं आहे. काल बेबी ऑफिसात आली होती, वडिलांच्या सत्काराला कोणत्या रांगेत बसायचं ते विचारायला. केस पिकलेत तिचे. खुर्चीच्या कडेवर बसते, जसं काही कुणी येऊन उठवणार आहे. तिने तुझी चौकशी केली, आणि उत्तर ऐकायच्या आधीच निघाली. तिचं घर मोडलं तर? काकांना त्यांच्या बैठकीच्या खोलीत एकटं गाठून विचारलं तर नाही चालणार?

तुझ्या बाजूने मी आहेच, हे वेगळं लिहायला नको. रागावलीस तरी पत्रात रागव, गप्प बसून नको.

तुझी,
चिमणी


ता. १४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुला मुद्दाम रजा घ्यायला लावून सासरी पाठवलं, म्हणून फुगली असशील. आता घडलं ते सगळं सांगते.

एकट्याला गाठा म्हणालीस. त्यांनी मला एकटीला गाठलं होतं का? चारचौघांत मोडलं, चारचौघांतच विचारायचं.

सभागृह भरलं होतं. मी मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. पुढे म्हातारे मालक, त्यांच्या शेजारी तो, आणि त्याच्या पलीकडे बेबी. त्याला टक्कल पडलंय. मला काहीच वाटलं नाही, हे कळल्यावर फार बरं वाटलं.

हार झाले, भाषणं झाली. मग प्रश्न विचारा म्हणाले. मी अंक घेऊन उठले. काकांनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसले, भाची कौतुकाला आली असं समजून. मी लेखातलं उदाहरण मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे नक्की ना? ते म्हणाले, दगडावरची रेघ. मी म्हटलं, ही जन्मवेळ माझी आहे. तुम्ही माझी पत्रिका काढलीत तेव्हा मी मूळ नक्षत्राची होते. मधल्या काळात नक्षत्र बदलतं का?

हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, फक्त आतून माणूस निघून गेला. मग सावरून म्हणाले की दोन पद्धती आहेत, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या, सामान्य माणसाला हे कळायचं नाही. काही लोकांनी माना डोलावल्यासुद्धा! मला वाटलं, निसटले.

तेवढ्यात मालक काठीवर जोर देऊन उठले. आवाज अगदी बारीक झालाय त्यांचा, लोकांना श्वास रोखून ऐकावं लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग आमच्या सूनबाईंची पत्रिका कोणत्या पद्धतीने काढली होतीत?

काका म्हणाले, आपल्याच. निरयन. सवयीने निघून गेलं तोंडातून.

मग मी माझा शेवटचा प्रश्न विचारला. तुम्ही चुकलात, की खोटं बोललात? चुकला असाल तर ज्योतिषी कसले, आणि खोटं बोलला असाल तर माणूस कसले? दोन्हींतलं एक निवडा, मी थांबते.

मी थांबले. ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवला, परत उचलला, तो रिकामा होता. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. पहिली उठली ती बेबी. माझ्या खुर्चीजवळून गेली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि दाराबाहेर. तिच्यामागे बाकीचे.

मला पश्चात्ताप झाला का, असं तू विचारशील. नाही झाला. घरी येऊन पोटभर जेवले आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

सासरच्यांना माझा नमस्कार सांग, आणि माझ्यावरचा रुसवा आता पुरे कर.

ताई


ता. १८ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदाच तुला पत्र लिहिताना हात जड झालाय. तुझ्या काकांचं सदर बंद झालं, ते तुला चिमणीकडून कळलंच असेल. बैठकीच्या खोलीत आता कुणी येत नाही. जे येतात ते आपापल्या पत्रिका परत तपासून मागायला, आणि भांडायला. हे दिवसभर तिथेच बसून असतात, भिंतीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की येतात, दोन घास खातात, परत जातात.

बेबी माहेरी आलेली नाही. एकदाच निरोप पाठवला. म्हणते, लग्नानंतर जेव्हा जेव्हा मी रडत आले, तेव्हा बाबांनी बत्तीस गुणांचं सांगून परत पाठवलं. ते बत्तीस तरी खरे होते का, तेवढं विचार. मी विचारलं. हे ताटावरून उठून गेले.

परवा मात्र बोलले. म्हणाले, थोरलीने साप्ताहिकाला दोन ओळी लिहिल्या, की वजाबाकीत चूक झाली असावी, तर लोक विसरतील. चूक कुणाची होत नाही? तू एवढं लिहिलंस तर बेबीही घरी येईल. मी तुझ्या बापाची सख्खी बहीण आहे, पोरी. पदर पसरते.

म्हातारीची माया आटलेली नाही, तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या


ता. २६ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले. उत्तर मात्र रडणं संपल्यावर लिहिते आहे.

दोन ओळी मी लिहिणार नाही.

तुला एक सांगते, जे चिमणीलाही माहीत नाही. बाबा शेवटच्या आजारात अंथरुणावर होते, उशाशी मी एकटीच. ते म्हणाले, तुझ्या काकांचा राग धरू नकोस. त्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून एका भल्या माणसाचा जीव वाचला, नाहीतर आपल्या माथी पाप आलं असतं. माझा बाप त्यांचे आभार मानत गेला, आत्या. तुझा भाऊ. काका तेव्हा खोलीच्या दारातच उभे होते. ऐकत होते. त्यांनी येऊन बाबांचा हात हातात घेतला, आणि काही बोलले नाहीत.

वजाबाकी चुकली असती, तर ती सांगायला त्याहून चांगली वेळ कोणती होती?

‘चूक’ हा शब्द त्यांना माझ्याकडून हवा आहे. तेवढा एक मिळाला की ते उठतील, अंघोळ करतील, बैठक झाडून घेतील. म्हणूनच तो मी देणार नाही. दुसरा शब्द त्यांचा त्यांनाच उच्चारायचा आहे, आणि तो बेबीसमोर. त्यांना सांग, थोरली घाईत नाही.

बेबीला मी कालच पत्र टाकलं. तिचं माझं वैर नाही. तिलाही त्यांनी मोजून फसवलंच.

तू मात्र इकडे ये. माझ्या घरात प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे असते आणि फळीवर हारीने जबडे मांडलेले असतात, त्यांची भीती वाटून घेऊ नकोस. खिडकीजवळची खोली तुझ्यासाठी झाडून घेते. हवी तितकी राहा. एकटी ये.

तुझ्यावरचा माझा जीव होता तिथेच आहे; तूही मला पूर्वीसारखीच हाक मारत जा.

तुझी,
थोरली