कपाळावर चिकटवलेली नाणी

तामाले, १२ मार्च १९६९

एफुआताईस क्वामेनाचा नमस्कार.

पुन्हा तेच! अराबाचं निळं कापड मी नेलं, मी नेलं, मी नेलं. तुझी तीन पत्रं झाली, चौथ्यातही तोच आरोप. मी जेवतो की नाही हे शेवटच्या ओळीत. बरा आहे मी. इथे धूळ फार, घसा धरतो. तुला आठवा लागला ना? जड उचलू नकोस. मासे वाळवायला दुसरं कुणी बघ.

नाटक मंडळी जोरात आहे. बाईची कामं आता सगळी माझ्याकडे. पोरकी मुलगी, सावत्र आई, आणि मेलेल्या आईचं भूत. खेळ सुटला की लोक पडद्यामागे येऊन बघतात, हा खरंच बाप्या आहे का म्हणून.

ईस्टरला आमची गाडी आपल्या गावात येणार. आईला त्या दिवशी मामाकडे पाठव. का ते विचारू नकोस.

बरं, सांगतो. कापड मीच नेलं. भूत तेच नेसून येतं.

पण भीती कापडाची नाही. पावसाळ्यात बोन्सू मास्तर म्हणाले, "तुझ्या भुताला बघून शेळीसुद्धा रडत नाही. नवं गाणं आण." त्या रात्री तोंड उघडलं आणि आईचा विलाप बाहेर पडला. आपली बहीण अराबा गेली तेव्हा आई तिच्या उशाशी बसून गायली तोच, शब्दाला शब्द. बायका हुंदके देत मंचावर चढल्या. एकेकीने माझ्या घामट कपाळावर बक्षिसाचं नाणं चिकटवलं. तेव्हापासून दर खेळाला तेच.

अराबाचं नाव तेवढं मी गाळायचो. गेल्या शनिवारी तेही तोंडातून गेलं. दोनदा.

आई म्हणायची ना, पुढ्यात प्रेत नसताना विलाप गाऊ नये, तो प्रेत शोधत फिरतो? अराबा बाळंतपणातच गेली. ताई, तुझे दिवस मोजून माझी झोप उडाली आहे.

मास्तरांना म्हटलं, गाणं बदलतो. "बदल की! आणि गावी जाऊन जाळी शिव." गाडीच्या फलकावर माझंच चित्र, कर्ण्यावर माझाच आवाज. गाडी गल्लीत शिरली की आईला घरबसल्या कळेल.

म्हणून मामाकडे नकोच पाठवू. तूच तिला सांग, मला धीर होत नाही. गाडी येण्याआधी थोरल्यांना बोलावून पितरांना दारू वाहा, अराबाची माफी मागा. कापड धुऊन गावाकडे येणाऱ्या ड्रायव्हर अत्ताकडे दिलं आहे. आई नको म्हणाली तर मी गाणार नाही, मग मास्तर काय वाटेल ते करोत.

त्या गाण्याची नाणी मी खर्चली नाहीत. छातीच झाली नाही. सगळी त्याच कापडाच्या टोकाला बांधली आहेत. दारू त्यातूनच आणा.

तू सुखरूप सुटल्याचं कळेपर्यंत जिवात जीव नसलेला,
तुझा क्वामेना

गाठीत आहेत: अकरा सेडी, चाळीस पेसेवा.