जिजाबाईंच्या स्वावलंबनाविषयी

नंदनवन, नागपूर
सोमवार

आदरणीय सिंधूताई यांस,
धाकट्या देवरावचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आणि तुमची म्हैस या दोघांच्याही प्रकृतीला आता उतार पडला असेल, असे गृहीत धरून लिहीत आहे. (फोनवर गुडघ्याविषयी विचारले असता तुम्ही म्हशीविषयी सांगता आणि म्हशीविषयी विचारले असता गुडघ्याविषयी, त्यामुळे शेक कोणाला चालू आहे आणि पेंड कोणाला, हे मला अद्याप निश्चित करता आलेले नाही.) येथील कुशल सांगायचे तर माझे बरे आहे आणि तुमच्या भावजयीचे, म्हणजे जिजाबाईंचे, त्यांच्या स्वतःच्या मते, उत्तम आहे. या दुसऱ्या विधानामुळेच प्रस्तुत पत्राचा प्रपंच करावा लागत आहे. तुम्ही गुरुवारी पवनीहून येणार असल्याचे समजल्यापासून घरात आनंदाचे वातावरण आहे, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

जिजाबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाल्यावर तुम्ही दवाखान्यात येऊन गेलात, त्यानंतरची वस्तुस्थिती अशी की, वॉकर धरून त्या खोलीतून ओसरीपर्यंत येतात. परंतु बसल्या जागेवरून उठणे आणि आंघोळ करणे या दोन क्रिया त्यांना एकटीने साधत नाहीत. मी साहाय्य करतो. परंतु माझ्या मानेचे मणके आता अशा वयात आहेत की, साहाय्य करणाऱ्यालाच साहाय्याची गरज पडावी. हैदराबादहून मेघाने कळवले की, वृद्धांच्या घरी रोज सकाळी येऊन आंघोळ, कपडे, उठणे-बसणे यांत मदत करणारी बाई सरकारी खर्चाने मिळते, अशी योजना आपल्या भागात सुरू झालेली आहे. मुलीच्या सांगण्यावर विसंबून न राहता (ती चांगली आहे, पण अर्धी बातमी वाचून पूर्ण फोन करते) मी ती योजना मुळातून समजून घ्यायचे ठरवले आणि सदर भागातल्या संबंधित कार्यालयात गेलो.

ताई, तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने सरकारी पत्रक वाचू नये. वाचल्यास खिडकीवर उभे राहून शंका विचारू नयेत. पत्रकानुसार ही मदत 'गरजू' ज्येष्ठांना मिळते. गरजू कोण? तर तपासणीस ज्याला गरजू ठरवील तो. तपासणीस कोणाला गरजू ठरवील? तर जो गरजू असेल त्याला. मी खिडकीतल्या गृहस्थांना नम्रपणे म्हणालो की, यात अन्योन्याश्रय दोष आहे, म्हणजे दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडावा तशी ही व्याख्या आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "काका, आंधळे दोन हायेत का? मंग फॉर्म बी दोन लागतीन." मी एकच घेतला. माझ्या मागच्या रांगेतून "प्रोफेसर हाये वाटते" असा जो उद्गार निघाला, त्यात आदर किती आणि काय उरले ते किती, याचे पृथक्करण मी केले नाही.

अर्ज गेला, आणि पुढच्या बुधवारी तपासणीसाठी माणूस येईल असा निरोप आला. येथून पुढे जे घडले, त्यास मी अनर्थ म्हणतो आणि जिजाबाई पाहुणचार म्हणतात. तपासणी म्हणजे कोणीतरी आपली अडचण पाहायला येणार, इतका साधा अर्थ मी घेतला होता. जिजाबाईंनी घेतलेला अर्थ असा की, कोणीतरी घरी येणार. आणि कोणी घरी येणार असेल तर या घराचा रिवाज तुम्ही जाणताच. मंगळवारी पडदे धुतले गेले. बुधवारी सकाळी शेजारच्या बायजाबाईंना बोलावून आंघोळ उरकण्यात आली (म्हणजे ज्या क्रियेसाठी मदत मागायची, ती क्रिया मदत घेऊन, मदत दिसणार नाही अशा रीतीने आधीच पार पाडण्यात आली), वेणी घातली गेली, धम्मचक्र दिनाला काढतात ती पांढरी साडी नेसवण्यात आली आणि वॉकर पलंगाखाली ढकलण्यात आला. माझ्याकडे पोह्यांचे काम होते. त्यांवर ओतायची तर्री मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती.

तपासणीस म्हणून जी आली ती दामिनी नावाची चुणचुणीत मुलगी. हातात मोबाइल, त्यात प्रश्न, प्रत्येक प्रश्नाखाली दोन चौकोन. तिने बसल्याबरोबर विचारले, "आजी, आंघोळ सोताची सोता करता का?"

"मंग काय शेजारीण करून देते?" जिजाबाई म्हणाल्या. शेजारीण त्या वेळी दाराआड उभी होती.

मी म्हणालो, "हे विधान असत्य आहे."

"काका, आजीले बोलू द्या ना."

"बोलू दे वं पोरी त्यायले," जिजाबाई समजुतीने म्हणाल्या, "कॉलेज सुटल्यापासून घरीच शिकवून राहिले."

पोहे कोणी केले, या प्रश्नावर जिजाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता "म्याच" असे उत्तर दिले, आणि मुलीने दुसऱ्यांदा तर्री मागताना मसाल्याचे प्रमाण विचारले, तेव्हा तेही सांगितले, जे चुकीचे होते. मी तेवढी एक दुरुस्ती केली. त्यावर दामिनी माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, जशी नजर बायकोला मेहनतीचे श्रेयसुद्धा न देणाऱ्या पुरुषांसाठी राखून ठेवलेली असते. निघताना ती पायरीवर हळूच मला म्हणाली, "काका, राग नका मानू, पण बाई कोणासाठी पायजे? आजी तर ठणठणीत हायेत. घरकामासाठी ही योजना नसते." आणि हा सारा वेळ जिजाबाई खुर्चीत ताठ बसून तिला हात हलवून निरोप देत होत्या, कारण उठणे त्यांना शक्य नव्हते. तो ताठपणा मुलीला रुबाब वाटला.

चार दिवसांनी मोबाइलवर निकाल आला: अर्जदार स्वावलंबी आढळल्याने अर्ज नामंजूर. जिजाबाईंनी तो मला दोनदा वाचायला लावला आणि दुसऱ्या वेळी बायजाबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्यानंतरच्या रविवारी घडलेला प्रकार तुम्हांला सांगू नये, असे मला बजावण्यात आले आहे. म्हणून थोडक्यात सांगतो. न्हाणीत त्यांना स्टुलावरून उठवताना माझी मान धरली गेली. त्यांनी माझा खांदा धरला होता, मी नळ धरला होता, आणि दोघांपैकी कोणीही हात सोडला तर दोघेही पडणार, अशा अवस्थेत आम्ही बराच काळ उभे होतो. या संसारात इतका वेळ विनावाद आम्ही प्रथमच एकत्र काढला. अखेर बायजाबाई दारावर थाप मारू लागल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला न टाकला, तोच जिजाबाई आतून ओरडल्या, "थोड्या वेळानं ये वं, आमी कामात हाओत!" आणि बायजाबाई खरोखरच परत गेल्या. ताई, पुढे मान सुटली म्हणून हे पत्र हसत लिहितो आहे. ओल्या फरशीवर त्यांचा दुसरा खुबा गेला असता, तर काय लिहिले असते ते मला ठाऊक नाही. तेव्हापासून त्यांची आंघोळ सुरू होण्याआधी माझे हात थरथरतात, आणि हे मी त्यांना सांगितलेले नाही.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. तो मान्य होऊन येत्या गुरुवारी तीच दामिनी पुन्हा येणार आहे. या वेळी नामंजुरी आली तर वर्षभर अर्ज करता येत नाही. म्हणून मी जिजाबाईंशी पद्धतशीर बोलणे काढले. जो स्वावलंबी आहे त्याला बाई मिळत नाही. तुम्ही स्वावलंबी असल्याचे सांगता. सबब तुम्हांला बाई मिळणार नाही. यातील कोणते विधान अमान्य आहे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तुमचं शास्तर बराबर हाये. पण परक्या पोरीसमोर मले उठवत नाही म्हणून काहून सांगू? उद्या ती गावभर तपासत फिरन आन माह्या हाडायची गोष्ट सांगन." मी म्हणालो की, नंदनवनातील कोणाला जिजाबाईंच्या हाडांविषयी इतके कुतूहल असेल असे वाटत नाही. हे बोलणे मला महागात पडले.

शेवटी रंगीत तालीम घेतली. मी तपासणीस झालो. आश्चर्य असे की, माझ्यासमोर त्यांनी सगळे खरे सांगितले: उठवत नाही, वाकवत नाही, पाण्याचा तांब्या उचलवत नाही. विचारले नव्हते तेही सांगितले, ज्यात मी टॉवेल कुठे टाकतो, पाणी किती गरम घेतो आणि साबण डोळ्यांत घालण्याची मला काय हौस आहे, यांचा तपशीलवार अंतर्भाव होता. मी पूर्ण गुण द्यायच्या बेतात असतानाच बायजाबाई विरजण मागायला आल्या. ताई, जिजाबाई उभ्या राहिल्या. टेबलाचा काठ धरून, ओठ आवळून, पण उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बस वं, चाय ठेवतो." यावरून मी असा निष्कर्ष काढला की, सत्य त्यांना ठाऊक आहे आणि मान्यही आहे, मात्र उंबरठ्याच्या आत तिसरे माणूस आले की ते टिकत नाही.

असो. पत्र वाढले. तुमच्या सुनेस व नातवंडांस आशीर्वाद. म्हशीस व गुडघ्यास आराम पडावा.

तुमचा,
देवराव

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिला. गुरुवारी तुम्ही कृपया येऊ नये. गैरसमज नसावा, परंतु थोरली नणंद घरात असता जिजाबाई खुर्चीतसुद्धा बसणार नाहीत, वॉकरशिवाय स्वयंपाकघरात जाऊन पुरणाचा घाट घालतील, आणि दामिनी त्याचा फोटो काढून नेईल. शुक्रवारी यावे आणि हवे तितके राहावे. म्हशीचे कारण सांगितल्यास जिजाबाईंना संशय येणार नाही.

ता. क. २. ताई, जयभीम. पोस्टाचं पाकीट आणाले हे बाहेर गेले म्हणून मी लिहून राहिली. ह्यायचं काही ऐकू नका, गुरुवारीच या. त्या पोरीले माह्या तोंडानं सांगवत नाही. दवाखान्यात माही वेणी तुमीच घातली, पाय बी तुमीच धुतले, तुमच्यापासून काय लपवू? मले उठवत नाही, ताई. न्हाणीत भेव वाटते, आन ह्यायचे हात कापतात ते बी मले समजते. हे सारं तुमी सांगा तिले. मी तोवर आतल्या खोलीत राहीन. सांगतानी दार लोटून घ्या, बायजी कान लावून असते. — जिजा

ता. क. ३. वरील मजकूर मी पाकीट बंद करण्यापूर्वी वाचला. पहिला ताजा कलम रद्द समजावा. पवनीहून सकाळची पहिली एसटी धरावी. स्टँडवर मी घ्यायला येतो. गुरुवारी त्या मुलीसमोर मी काही बोलणार नाही, असे जिजाबाईंना आताच कबूल केले आहे. बोलू लागलो, तर मला कांदे आणायला पाठवावे.