मलमलीतली गाठ

विद्यापीठ वसतिगृह, परभणी
१० डिसेंबर २०२५

ती. अप्पांना स्वप्नाचा शरणार्थ.

मी खुशाल आहे. तुमचा गुडघा, आईचा खोकला आणि दुकानाचं कुरकुरणारं शटर, तिघांची तब्येत कळवा. पत्र बघून घाबरू नका. फोन केला की तुमच्यासमोर गिऱ्हाईक असतं आणि तुम्ही "बरं हाय ना सगळं? ठेवतो मग" म्हणता. आजचं सांगणं त्यात मावणार नाही.

बोरीहून तुम्ही पाठवलेला हुरडा आपल्या धाकट्या शिवकांतनं आणून दिला. निम्मा मैत्रिणींनी खाल्ला, निम्मा मी एकटीनं. माझं पोटही ज्वारीवर आणि पीएचडीही ज्वारीवर. "पोरगी ज्वारीची डाक्टर व्हायलीय" असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता म्हणे. सांगा, खोटं नाही. नुसत्या जमिनीच्या ओलीवर ज्वारी तग कशी धरते, ते मी तिच्यातल्या एका प्रथिनावरून शोधते आहे. पाणी कमी पडलं की ते प्रथिन कशी घडी घालतं, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यासाठी हैदराबादला एक मोठ्या चुंबकाचं यंत्र आहे.

तिथंच माझं अडलं होतं. मागच्या महिन्यात मी तिथून तशीच परत आले आणि तुम्हाला फोनवर "नंबर लागला नाही" एवढंच म्हणाले.

झालं असं. त्या खोलीत धातू न्यायचा नाही, चुंबक ओढून घेतं. यंत्र सांभाळणाऱ्या मनीषाताई मूळच्या पाथरीच्या. त्यांनी विचारलं, अंगावर धातूचं काही आहे का. घड्याळ, कानातलं, केसातल्या पिना काढून ठेवून मी नाही म्हणाले, अगदी छातीठोक. त्यांनी तपासणीचं यंत्र फिरवलं आणि ते नेमकं छातीपाशीच किंचाळलं. अप्पा, मला खरंच आठवलं नव्हतं. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग, ते आपण घातलेलं असतं असं कधी वाटलंच नाही. हात आहेत, पाय आहेत, तसं ते आहे. पण त्याची डबी चांदीची, आणि डबीची कडी लोखंडी.

मनीषाताई म्हणाल्या, काढून कपाटात ठेव, मी कुलूप लावते. लिंग अंगावेगळं करत नाहीत, हे सांगताना मला रडूच आलं. त्यांनी समजून घेतलं, पण नियम मोडला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

परत आल्यावर सर म्हणाले, नमुन्याची नळी आत दुसरं कुणी ठेवील, पण तुझं पुढचं सगळं काम त्याच खोलीत आहे, जमत नसेल तर विषय बदलू. रागावले असते तर परवडलं असतं. मला ज्वारी सोडायची नव्हती आणि लिंगही.

इतका वेळ हुरड्यावर काढला, आता मुद्द्याचं लिहिते. तुम्ही दिलेली डबी माझ्या गळ्यात नाही.

लिंग आहे. पांढरी मलमल आणून स्वच्छ धुतली. आंघोळ करून पूजा केली, लिंग तळहातावर घेतलं आणि तिथूनच कापडात. सुती दोऱ्यानं गळ्यात बांधलं. गाठ कुणी शिकवली नव्हती. तुम्हाला रोज बांधताना बघत आले, हातांना आपोआप आली.

उपाय सुचायला फार अक्कल लागली नाही. डबी काढायला मात्र मन होईना. मला इथं प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही ती घडवून आणलीत. आई म्हणाली होती, आधी स्वतःला करा. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला कापड बास हाय. लेक चार शहाण्यांत बसणार, तिला चांदी पाहिजे." डबी काढताना तुमची हौसच काढून ठेवतेय असं वाटलं. शिवकांतला म्हटलं, तू सांग अप्पांना. तो म्हणाला, मी न्हाई बा, तुझं तू बघ.

सोमवारी पुन्हा गेले. तपासणीचं यंत्र फिरलं आणि गप्प राहिलं. मनीषाताईंनी कापडाकडे बघितलं. "जा आत बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारचे मामा बी असंच बांधायचे." मी माझ्या हातानं नळी यंत्रात सोडली. थोड्या वेळानं पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. आपल्या ज्वारीच्या, अप्पा. लय आनंद झाला. बाहेर येऊन मी मनीषाताईंच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि त्यांना येत्या अमावस्येला शेतात येळवशीच्या जेवणाचं आवतण देऊन टाकलं. आईला सांगून ठेवा.

डबी पुसून ठेवली आहे, येळवशीला घेऊन येते. रागवायचं असेल तर शेतात भज्जी-आंबील जेवून झाल्यावर रागवा, उपाशीपोटी नको. आणि एक मागते, नाही म्हणू नका. ती डबी आता तुम्ही घाला. चार शहाण्यांत बसायला मला कापड बास आहे. दुकानात गिऱ्हाइकांसमोर बसायला ज्वारीच्या डाक्टरच्या बापाला चांदी पाहिजे.

तुमचीच गाठ बांधणारी,
स्वप्ना